रद्द फेऱ्या : शून्य

३ ऑक्टोबर, सोमवार

हॉर्न गेला. म्हणजे वारला नाही, मुलीकडे राहायला गेला. उगाचच हॉर्न वाजवायची खोड, म्हणून बत्तीस वर्षांपूर्वी कोणीतरी हे नाव ठेवलं आणि ते खऱ्या नावापेक्षा पक्कं झालं. सकाळी त्याने ड्यूटीच्या खिडकीत गाडीची चावी ठेवली आणि म्हणाला, "ताई, मुलगी म्हणते आता पुरे. गुडघे गेलेत." मी म्हटलं, "आजच गेले का? महिनाअखेरपर्यंत दम धरला नसता त्यांनी?" तो हसला. मला काही हसू आलं नाही.

मी या डेपोत ड्यूट्या लावायला बसले तेव्हा चौतीस ड्रायव्हर होते. आता अकरा. त्यातले सात निवृत्त होऊन परत बोलावलेले. नवीन कोणी येत नाही, कारण नवीन कोणी उरलंच नाही. शाळेच्या इमारतीत आता आमच्या जुन्या टायरांचं गोदाम आहे. खिडकीशेजारच्या फळ्यावर मी रोज सकाळी खडूने लिहिते, 'आज रद्द फेऱ्या', आणि त्यापुढे शून्य. सव्वीस वर्षांत दुसरा आकडा लिहिलेला नाही. संपाच्या दिवसांतही नाही. तेव्हा मेस्त्रीला वर्कशॉपमधून ओढून गाडीवर बसवला होता.

हॉर्नकडे सात नंबर होता. सकाळी सहा दहाची पहिली फेरी, इथून कुलपांच्या कारखान्यापर्यंत, अठरा किलोमीटर. कारखान्यातल्या एक्केचाळीस बायका त्या गाडीने जातात. मॅनेजरसाहेब म्हणाले, "सध्या मेस्त्रीला गाडीवर बसवा. महिनाभरात माणूस मिळाला तर ठीक, नाहीतर सात नंबर बंद करा." साहेबांना बोलायला काय जातं! उचलली जीभ, लावली टाळ्याला. गाडी नाही तर बायका नाहीत, बायका नाहीत तर कारखाना नाही, आणि कारखाना नसला तर या गावात डेपो तरी कशाला ठेवतील?

दुपारी कारखान्यातली मुकादमीण आली. बाई एकसष्ट वर्षांची आहे, पण चालते अशी की समोरच्याने बाजूला व्हावं. बातमी तिला माझ्याआधी कळलेली होती. "ताई, आमच्यातली एकही सायकलवर बसायच्या वयाची राहिली नाही," म्हणाली. "घरी माझी चौऱ्याऐंशीची आई आहे. कारखान्याशेजारी खोली घेऊन राहा म्हणाल तर तेही जमायचं नाही." मी म्हटलं, "गाडी बंद होणार नाही. माझा शब्द आहे." शब्द देऊन बसले खरी. ही वही त्यानंतर कपाटातून काढली. काळजी कुठेतरी उतरवून ठेवायला हवी, आणि घरी बोलावं तर हे नुसतं "हं" म्हणतात.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

जाहिरातीला दोन अर्ज आले. पहिला अर्जदार सत्तर वर्षांचा, आमच्याच डेपोतून दहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. अर्जात वय लिहायचं 'विसरला' होता. मी फोन केला तेव्हा म्हणाला, "घरात बसून भिंती बघून कंटाळा आलाय हो."

दुसरा चोवीस वर्षांचा. खराखुरा चोवीस! काल तो भेटायला आला तर सगळा डेपो मुलगी बघायला जमावा तसा गोळा झाला. कॅन्टीनच्या मावशींनी त्याला दोनदा चहा दिला. मेस्त्रीने इंजिन उघडून दाखवलं. मी आवाजात इतका गोडवा आणला की माझा मलाच ओळखू येईना. आज सकाळी त्याचा फोन आला. शहरात गोदामात नोकरी लागली, तिकडे त्याचे मित्र आहेत. "इथे माझ्या वयाचं कोणीच नाही हो, संध्याकाळी बोलायचं कोणाशी?" म्हणाला. मी रागावणार होते. पण मग आठवलं, आमच्या मुलीला सात वर्षांपूर्वी मीच स्टेशनवर सोडायला गेले होते आणि परत फिरू नको म्हणून सांगितलं होतं.

आम्ही एकावरच थांबलो. आमच्या गल्लीत सगळेच एकावर थांबले. एक पुरे, नीट शिकवू, म्हणायचो. नीट शिकवलं, आणि शिकलेली निघून गेली. आज गल्लीत नऊ घरांना कुलपं आहेत. कारखान्याला गिऱ्हाईक शोधायला लांब जायला नको.

११ ऑक्टोबर, मंगळवार

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी माझी गत. घरात ड्रायव्हर बसलाय आणि मी जाहिराती देतेय.

हे चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. अडतीस वर्षांत अपघात नाही, ओरखडासुद्धा नाही. आता दिवसभर गच्चीवर टोमॅटोच्या कुंड्यांशी खेळतात. जेवताना मी विषय काढला. म्हणाले, "नको गं. माझं झालं आता."

"काय झालं? चौसष्ट हे काय वय आहे?"

"डोळे पूर्वीसारखे नाहीत."

"कोणाचे आहेत? मला सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून मी ड्यूट्या लावायच्या सोडल्या का?"

मग मी मुकादमिणीचं सांगितलं, शब्द दिल्याचं सांगितलं, आणि शेवटी थोडी रडले. रडू खरंच आलं होतं, अगदी ठरवून नाही. हे बराच वेळ ताटात बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "जोडीदार येणार असेल तर येतो. त्याच्याशिवाय नाही."

जोडीदार म्हणजे यांचा कंडक्टर. बावीस वर्षं दोघे एकाच गाडीवर होते. तोही निवृत्त, आणि बायको गेल्यापासून एकटा. संध्याकाळी हे त्याच्याकडे जाऊन तासभर बसून आले. तो तयार आहे. म्हातारपणी मैत्री अशी घट्ट होते, हे मला माहीत नव्हतं.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

डोळ्यांची चाचणी झाली. पूर्वी दर सहा महिन्यांनी डॉक्टर यायचे. ते निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. गेली तीन वर्षं चाचणी मीच घेते आणि कागद सहीसाठी वरच्या ऑफिसला पाठवते. ड्यूटीच्या खोलीत भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे. वर मोठं अक्षर, मग खाली ओळीओळीने लहान होत जाणारी. काठी ठेवायची, ड्रायव्हरने वाचायचं.

तक्ता अठरा वर्षांत बदललेला नाही, आणि सगळ्या डेपोला तो पाढ्यासारखा पाठ आहे. कॅन्टीनच्या मावशी कप विसळताना खालची ओळ गुणगुणतात. नियमाप्रमाणे काठी मधेच कुठेही ठेवायला हवी. मी सरळ वरून खाली जाते. इथे लिहून ठेवते, कारण इथे खोटं लिहून काय मिळणार? क्रम मोडून विचारलं तर अकरातले चार घरी जातील. त्यांच्या गाड्या काय मी चालवू?

आज मात्र गंमत म्हणून यांना मधलं विचारलं. पाचव्या ओळीतलं तिसरं. हे म्हणाले, "तिथे काठी आहे का?" मी म्हटलं, "थट्टा पुरे, साहेब बाहेर उभे आहेत." यांनी भलतंच अक्षर सांगितलं. मला राग आला. नवराबायको आहोत म्हणून ऑफिसात पोरकटपणा करायचा? मग सरळ वरून सुरुवात केली आणि हे शेवटच्या ओळीपर्यंत एका दमात गेले. मी 'योग्य' लिहून सही केली.

१७ ऑक्टोबर, सोमवार

आज यांच्या हाताने सात नंबर सुटली. सहा वाजून दहा मिनिटांनी, घड्याळ लावून घ्यावं अशी. गणवेश यांना थोडा सैल होतो, पण रुबाब तोच. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मुकादमीण आपला थांबा सोडून मुद्दाम डेपोत आली होती. तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "शब्द पाळलात हो ताई." फळ्यावर शून्य लिहिताना खडू मोडला, एवढ्या जोरात लिहिलं.

घरी आल्यावर हे न जेवता झोपले. पहिला दिवस, दमणारच.

३० ऑक्टोबर, रविवार

यांच्या अंगात नोकरी फारच भिनलीय. सुटीच्या दिवशी पहाटे उठून जोडीदाराबरोबर सात नंबरचा सगळा रस्ता पायी चालत जातात. अठरा किलोमीटर! गेले दोन्ही रविवार तेच. मी विचारलं, "गाडीतून दिसत नाही का रस्ता?" तर म्हणाले, "चाललं की पायाला कळतो." घरात कामं पडलीत, नळ गळतोय, आणि हे खांब मोजत फिरतायत.

घरात मात्र सगळा आनंद. काल चहा कपात ओतायचा तो बशीच्या बाहेर ओतला. शेजारच्या वहिनी समोरून आल्या तर ओळख दाखवली नाही, त्यांनी हाक मारल्यावर मग तोंडभर हसले. परत नोकरी लागली म्हणून एवढा ताठा बरा नव्हे, असं मी बोलूनही दाखवलं.

मुलीचा फोन आला. मी चहाचं गमतीने सांगितलं तर ती हसली नाही. "आई, बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने," म्हणाली. मी चौकशी केली. तालुक्याला डॉक्टर महिन्यातून दोनदा येतात आणि नंबर मार्चचा मिळतोय. मार्चचा घेऊन ठेवला.

१६ नोव्हेंबर, बुधवार

तिकीट तपासनिसाची तक्रार आलीय. सात नंबरचा कंडक्टर आपल्या जागेवर नसतो. सगळा वेळ पुढे, ड्रायव्हरच्या खांद्याशी उभा राहून बडबड करतो. मागच्या तीन बायकांची तिकिटं फाडलेली नव्हती. मी यांना विचारलं, "एवढं काय बोलत असता दोघे?" हे म्हणाले, "जुन्या गोष्टी." दोघांची बावीस वर्षं कमी पडली वाटतं. कागद खणात टाकला. एवढ्यातेवढ्यासाठी माणूस दुखवायचे दिवस नाहीत.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

मुकादमीण सांगत होती, कारखान्यात मुख्य ऑफिसची माणसं येऊन गेली. दोन दिवस होती. यंत्रांची लांबीरुंदी मोजली, फोटो काढले. बायका खूश आहेत, नवीन यंत्रं येणार म्हणून. मुकादमिणीच्या हाताखालच्या सगळ्या बायका पन्नाशीच्या पुढच्या. प्रत्येक कुलूप तीनदा उघडून तीनदा लावून बघतात, मग डब्यात. मनगटं गेलीत सगळ्यांची. "माल मागतात तेवढा द्यायला हात नाहीत," म्हणाली. "पण आता लक्ष घालतायत. गाडी तेवढी वेळेवर येऊ दे, मुख्य ऑफिसला आमच्यात खोट दिसायला नको."

नेमकी तपासनिसाची दुसरी तक्रार आज साहेबांच्या टेबलावर. साहेब म्हणाले, "तुमच्याच घरचा मामला आहे, तुम्हीच निस्तरा." हे वाक्य मला झोंबलं. सव्वीस वर्षांत कोणी माझ्यावर घरच्यांची बाजू घेतल्याचं बोट ठेवलेलं नाही. मी लेखी आदेश काढला. कंडक्टरने गाडी चालू असताना मागच्या दारापाशी आपल्या जागेवरच राहावं, ड्रायव्हरशी बोलू नये.

जोडीदार खिडकीशी आला. कागद वाचला, घडी घातली, पुन्हा उघडला. म्हणाला, "वहिनी, मला पुढेच राहू द्या."

"कारण सांगा."

तो यांच्याकडे बघायला लागला. हे दारात उभे होते. मी पुन्हा म्हटलं, "कारण असेल तर सांगा, मी लिहून घेते."

"सवय आहे," जोडीदार म्हणाला.

"सवय हे काही कारण झालं का?"

त्याने सही केली. मला वाईट वाटलं, पण नियम तो नियम.

२७ नोव्हेंबर, रविवार

आज हे चालायला गेले नाहीत. सकाळपासून माझ्या मागे मागे. शेवटी भाजी चिरताना म्हणाले, "अगं, तो कागद मागे घे."

"का?"

"एवढं माझं ऐक. मी तुला कधी काही मागितलंय?"

मी म्हटलं, "घरात तुम्ही नवरा, डेपोत ड्रायव्हर. उद्या सगळे म्हणतील, बाईने नवऱ्यासाठी नियम वाकवला." मग म्हणाले, निदान वेळ तरी वाढव, दहा मिनिटं जास्त दे, हळू चालवतो. तेही शक्य नाही. बायका दहा मिनिटं उशिरा पोचल्या की अर्धा दिवस कापतात. मी समजावून सांगितलं. हे उठून गच्चीवर गेले आणि थंडीत तासभर कुंड्यांजवळ बसून राहिले. रुसले असतील. मीही मनवायला गेले नाही.

६ डिसेंबर, मंगळवार

आज रद्द फेऱ्या : एक.

१० डिसेंबर, शनिवार

लिहायलाच हवं. मंगळवारी दाट धुकं होतं. मुकादमीण तिसऱ्या थांब्यावर चढते. ती नेहमी रस्त्यावर दोन पावलं पुढे येऊन हात वर करते, मागच्या बायकांना वेळ मिळावा म्हणून. जोडीदार मागच्या दारापाशी होता. मी ठेवला होता तिथेच. त्याने तिथून ओरडून सांगितलं, थांबा आला म्हणून. गाडीत बायकांचा गलका होता.

ब्रेक लागला तो धक्का बसल्यावर.

हे खाली उतरले आणि गाडीला धरून धरून पुढे गेले. बायका सांगतात, ते खाली बसले आणि हातांनी रस्ता चाचपडायला लागले. ती त्यांच्यापासून चार हातांवर पडली होती. ती यांना दिसत नव्हती.

तेव्हा मला कळलं. छे, तेव्हाही नाही. हॉस्पिटलात डॉक्टरांनी बॅटरी मारून डोळे बघितले आणि मला बाजूला घेतलं, तेव्हा कळलं. काचबिंदू आहे. उजवा डोळा जवळजवळ गेलेला, डाव्यात नळीतून बघावं तेवढंच दिसतं. "किती वर्षांपासून?" असं मी विचारलं. त्यांनी मलाच विचारलं, "घरात कोणाच्या लक्षात आलं नाही?"

आज मुकादमिणीच्या घरी गेले. न जाऊन कसं चालेल, आणि गेले तर तोंड कसं दाखवू, अशा चिंतेत दोनदा दारातून परत फिरले. तिची आई खाटेवर बसली होती. शेजारची एक बाई तिला भरवत होती. मी कोण ते त्या बाईने तिच्या कानात मोठ्याने सांगितलं. म्हातारीने माझा हात धरला आणि म्हणाली, "तुम्हीच का त्या? फार नाव काढायची तुमचं. गाडी तुमच्यामुळे राहिली म्हणायची."

मी हात सोडवून घेतला.

१५ डिसेंबर, गुरुवार

चौकशी ड्यूटीच्या खोलीतच झाली. वरून एक अधिकारी आले होते. वयाने तेही साठीच्या आसपास. तक्ता भिंतीवरून काढून त्यांनी टेबलावर ठेवला होता, पुरावा म्हणून सील करायला. भिंतीवर त्याच्या जागी पांढरा चौकोन राहिला होता.

यांना जोडीदार हाताला धरून घेऊन आला. अधिकाऱ्यांनी विचारलं, "एवढ्या अधू नजरेने तुम्ही चाचणी पास कशी झालात?"

हे खुर्चीवरून उठले. कुठे उभं राहायचं ते पायांना ठाऊक होतं. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि वरचं अक्षर म्हणाले. मग दुसरी ओळ, तिसरी, पार शेवटपर्यंत. एक चूक नाही. भिंतीवर काही नाही हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं तक्ता समोर आहे. अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. कोपऱ्यात जोडीदार तोंडात रुमाल कोंबून रडत होता.

मग हे म्हणाले, "साहेब, ड्यूटीच्या बाईंना यातलं काही माहीत नव्हतं. मी त्यांना फसवलं. त्यांनी काठी कुठेही ठेवली तरी मी घरून पाठ करून आलो होतो. कितवी ओळ, कितवं अक्षर, सगळं."

लग्नाच्या इतक्या वर्षांत मी यांना खोटं बोलताना ऐकलेलं नव्हतं. बायको असून मला 'ड्यूटीच्या बाई' म्हणाले.

अधिकारी माझ्याकडे वळले. "तुम्ही काठी क्रम मोडून ठेवली होती?"

डोळे पूर्वीसारखे नाहीत, असं यांनी मला जेवताना सांगितलं होतं. पाचव्या ओळीत अडले होते. कागद मागे घे म्हणून हात जोडायचेच बाकी ठेवले होते. हे सगळं माझ्या जिभेवर होतं. जोडीदार माझ्याकडे बघत होता. त्याला सगळं ठाऊक आहे. बाहेर खिडकीशी दहा ड्रायव्हर उभे होते. मी खरं बोलले तर त्यांचीही चाचणी नव्याने होणार, आणि निम्मे घरी बसणार. असं मी मनाशी म्हटलं. पण तेव्हा मी ड्रायव्हरांचा विचार करत नव्हते. मला भीती वाटत होती, एवढंच.

मी म्हटलं, "हो. क्रम मोडून ठेवली होती."

लिहून दिलं आणि सही केली. सही छान आली, नेहमीसारखी.

जोडीदाराने नोकरी सोडली. माझ्या खिडकीत बिल्ला ठेवला. वहिनी म्हणाला नाही, ताई म्हणाला नाही, काहीच म्हणाला नाही.

२२ डिसेंबर, गुरुवार

कुलपांचा कारखाना बंद होतोय. फाटकावर नोटीस लावलीय. यंत्रं दुसऱ्या प्रांतात जाणार, जिथे तरुण माणसं आहेत. ती माणसं यंत्रं मोजायला आली होती, ती यासाठी.

मी नोटीस वाचायला मुद्दाम गेले. वाटलं होतं, मुकादमीण गेली, गाडी बंद पडली, म्हणून हे झालं. तसं असतं तर माझ्या पापाला निदान एक कारण तरी असतं. नोटिशीत लिहिलंय, निर्णय १९ सप्टेंबरच्या बैठकीत झाला. हॉर्नने चावी ठेवली तो दिवस तीन ऑक्टोबर. मी मुकादमिणीला शब्द दिला तेव्हा कारखाना कागदावर बंद होऊन चौदा दिवस झाले होते. मी यांच्यापुढे रडले तेव्हाही तो बंदच होता. सात नंबर चालली असती काय आणि नसती काय.

फाटकाशी पाचसहा बायका उभ्या होत्या. एकीने विचारलं, "ताई, आता दुसरीकडे कुठे गाडी जाते का, आमच्यासारख्यांना घेतात अशा ठिकाणी?" मी सगळे मार्ग मनात फिरून आले. एकही तसा जात नाही.

११ जानेवारी, बुधवार

यांचं लायसन्स रद्द झालंय. खटला उभा राहील तेव्हा राहील. मार्चचा डॉक्टरांचा नंबर अजून तसाच आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची, एवढंच ते करणार. मुलगी आठ दिवस येऊन गेली. माझ्याशी फार बोलली नाही. आमच्याकडे चला, म्हणाली, दोघांनाही. हे म्हणाले, "इथला जिना तरी पायाला माहीत आहे."

आज टपालाने चौकशीचा अहवाल आला, यांच्या नावाने. यांना पाकिटाचा आवाज कळला. खिडकीशी ऊन येतं तिथे बसले होते. म्हणाले, "काय लिहिलंय? वाच."

मी म्हटलं, "सरकारी भाषा आहे, नंतर वाचू."

"आत्ता वाच."

मी वाचायला लागले. सदर चालकाने आपली दृष्टी अधू असल्याची बाब जाणूनबुजून लपविली. सदर चालकाने ड्यूटी लिपिक यांची पूर्ण दिशाभूल केली. एका निरपराध महिलेच्या मृत्यूस सदर चालक सर्वस्वी जबाबदार आहे. प्रत्येक वाक्यानंतर मी थांबत होते. हे मान हलवायचे, जसं कोणी हिशेब जुळल्यावर हलवावी तशी, आणि म्हणायचे, "बरोबर. पुढे."

पुढे माझ्याबद्दल होतं. ड्यूटी लिपिक यांनी चाचणी नियमानुसार, अक्षरांचा क्रम बदलून घेतल्याचे स्वतः लेखी नमूद केले आहे. त्यांच्या सव्वीस वर्षांच्या निष्कलंक सेवेची नोंद घेण्यात येत असून त्यांच्याकडून कोणतीही कसूर झाल्याचे आढळून येत नाही.

मी तिथे थांबले. यांनी विचारलं, "थांबलीस का?"

"चष्मा पुसते."

"तुझ्याबद्दल चांगलं लिहिलंय ना?"

"हो."

हे हसले. पूर्वी शेवटची फेरी वेळेवर आणून गाडी डेपोत लावली की हसायचे, तसे. माझ्याकडे तोंड करून हसायचं होतं त्यांना, पण मी डाव्या बाजूला बसले होते आणि ते उजवीकडे बघत होते.

"तेवढं पुन्हा एकदा वाच," म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.